खिळा न मारलेलं वर्ष

एल्फेज व्हर्डिन पालथ्या बादलीवर बसून आपल्या घराकडे बघत असे. चौदा महिने त्याचा हाच उद्योग होता.

बादली रंगाची, पांढरी, प्लास्टिकची. ती अंगणातल्या ओकखाली ठेवलेली होती, कारण तिथून घराची रस्त्याकडची बाजूही दिसे आणि बायूच्या, म्हणजे दलदलीतून संथ वाहणाऱ्या खाडीच्या, पाण्याकडचीही. सकाळची कॉफी झाली की तो येऊन बसायचा. छपरावरच्या निळ्या ताडपत्रीची कुठली दोरी सुटली आहे ते बघायचा, सुटली असेल तर शिडी लावून बांधायचा आणि परत येऊन बसायचा. मागे कुंपणाला लागून मेहुण्याकडून मागून आणलेला ट्रेलर उभा होता. त्यात तो आणि त्याची बायको इनोला राहत होते. ट्रेलरची भिंत बोटानं दाबली तर दबायची.

या माणसानं पंचेचाळीस वर्षं सुतारकी केली होती. बायूच्या दोन्ही काठांवरची निम्मी घरं आणि कोळंबीच्या तीसेक होड्या त्याच्या हाताखालून गेल्या होत्या. असा माणूस स्वतःचं मोडकं घर समोर ठेवून गप्प बसतो, हे लोकांना कळत नव्हतं.

"नॉन्क, बादलीला मुळं फुटली बघ!" पुतण्या उलीस गाडी हळू करून ओरडायचा. नॉन्क म्हणजे काका. बायूवर सत्तरी ओलांडलेला प्रत्येक पुरुष निम्म्या वस्तीचा नॉन्क असतो.

"तुझ्या जाळ्याला भोकं किती पडलीत ते बघ आधी," एल्फेज म्हणायचा.

"जाळं मी शिवतो तरी. तू काय, नजरेनं घर दुरुस्त करतोयस?"

पण उन्हाळ्यापासून उलीसनं टोमणे मारणं सोडलं होतं. नुसता हात वर करून जायचा. एल्फेजला ते टोमण्यांपेक्षा जास्त लागायचं.

खरं कारण त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं.

वादळ आदल्या वर्षीच्या ऑगस्टमधलं. अर्धं छप्पर नेलं, आणि बायूचं पाणी घरात गुडघाभर चढून दोन दिवस राहिलं. घर एल्फेजच्या बापानं बांधलेलं, सायप्रसच्या लाकडाचं. जुनं सायप्रस कुजत नाही. पण खालची जमीन पाइनची होती, फळ्याही आणि त्यांच्या खालच्या तुळयाही. एल्फेजनंच ती चौऱ्याहत्तर साली घातली होती, कारण तेव्हा सायप्रस परवडत नव्हतं. पाइन पाणी पितं.

छप्पर त्याला स्वतःला घालता आलं असतं. जमीनही. घर उचलणं मात्र त्याच्या हातचं नव्हतं. बारा फुटांचे खांब खाली देऊन अख्खं घर वर घ्यायचं, त्याला यंत्रं लागतात आणि तशी माणसं लागतात. ते केलं नाही तर पुढचं पाणी पुन्हा आत येणार, हे त्याला कोणी समजवायची गरज नव्हती. सरकारी योजनेत ते सगळं होत होतं. छप्पर, जमीन, खांब. म्हणून ऑक्टोबरमध्ये तो कोणाला न सांगता जिल्हा कार्यालयात गेला.

तिथे मिस रोवेना होती. पन्नाशीची, जाड चष्म्याची, टेबलावर फायलींचे दोन ढीग. तिनं त्याची सही घेतली आणि म्हणाली, "आता आजपासून घराला हात लावायचा नाही, मिस्टर एल्फेज."

"म्हणजे?"

"दुरुस्ती करायची नाही. पर्यावरणाची तपासणी पुरी होऊन मंजुरीचं पत्र येईपर्यंत."

"छप्पर उघडं आहे, बाई."

"ताडपत्री चालेल. पाऊस आत येऊ नये एवढं करा. त्यापुढे नाही."

"कुजकी फळी बदलली तर?"

"नाही."

"खिळा?"

मिस रोवेनानं चष्मा काढला. "एक खिळाही नाही. सरकारी पैसा लागणार तिथे आधी तपासणी, मग काम. मध्येच काम झालं तर फाइल बंद. माझ्या सख्ख्या मावशीची झाली. तिनं नुसता पुढचा जिना बांधून घेतला होता."

तपासण्या पुष्कळ होत्या. पुराची पातळी, दलदल, रंगातलं शिसं, मातीत काय सांडलं आहे का ते. घर पन्नास वर्षांहून जुनं, म्हणून जुन्या वास्तू बघणाऱ्या कार्यालयाचं वेगळं पत्र. आणि घरामागे मूळच्या लोकांनी कधीकाळी रचलेला शिंपल्यांचा ढिगारा होता, म्हणून मूळच्या जमातींनाही विचारायचं, की इथे खांब रोवले तर तुमच्या पूर्वजांच्या जागेला धक्का लागतो का.

"मला विचारा की," एल्फेज म्हणाला. "माझेच पूर्वज आहेत ते."

मिस रोवेनानं सरकारमान्य जमातींची यादी वरून खाली वाचली. "तुमची जमात यादीत नाही, मिस्टर एल्फेज. पत्र दुसऱ्या राज्यातल्या जमातीकडे जाईल." ती हसली नाही. तोही हसला नाही.

घरी येऊन त्यानं इनोलाला सगळं सांगितलं आणि कोणाला सांगायचं नाही अशी शपथ घातली. त्याला कारण होतं. आधीच्या वादळानंतर, मासे धरायचं आमिष विकणाऱ्या दुकानात, वीस माणसांसमोर तो बोलून गेला होता: सरकारच्या पैशानं उभ्या राहिलेल्या घरात मी कॉफीसुद्धा पिणार नाही. समोर बसलेल्या एका विधवेनं तेव्हा नुकताच अर्ज केला होता. ती कप ठेवून उठून गेली होती. सगळ्यांना ते आठवत होतं. त्यालाही.

म्हणून मोजणीवाले आले तेव्हा त्यानं ते विम्याचे आहेत म्हणून सांगितलं. लोकांनी विचारलं, काम का नाही सुरू केलंस, तर म्हणाला, लाकूड मनासारखं मिळत नाही.

मग तो बसून राहिला. लोकांना वाटे, तो काही करत नाही. प्रत्यक्षात इतकं कष्टाचं काम त्यानं आयुष्यात केलं नव्हतं. महिन्याच्या पहिल्या तारखेला तो आत जाई, स्वयंपाकघराच्या दारापाशी एका तुळईत पेचकस दाबून बघे. डिसेंबरमध्ये पेचकस अर्धा इंच आत गेला. मार्चमध्ये दोन इंच. जूनमध्ये मुठीपर्यंत गेला, आणि काढला तेव्हा टोकाला काळा चिखल होता. मार्चमध्ये स्वयंपाकघराखालच्या सहाही तुळया वाचवता आल्या असत्या. खाली हवा खेळती करायची, मधे आधार द्यायचे, दोन दिवसांचं काम. अवजारं दहा पावलांवर शेडमध्ये तेल लावून ठेवलेली होती. तो शेडपर्यंत जायचा, कडी लावलेली आहे ना बघायचा आणि परत यायचा.

भिंतींवर बुरशी चढली. ती ट्रेलरमध्येही आली. इनोलाचा श्वास आधीच अपुरा होता, हिवाळ्यानंतर ती दोन शब्द बोलून थांबू लागली.

"पत्र कधी येणार?" ती विचारायची.

"येईल."

"मला माझ्या स्वयंपाकघरात मरायचंय, एल्फेज. ह्या डब्यात नाही."

"मरायचं कोण बोलतंय?"

"मी बोलतेय. तू ऐक."

ह्या वर्षीच्या ऑक्टोबरात, एका मंगळवारी, मिस रोवेना स्वतःच्या छोट्या गाडीतून आली. दारातून आत डोकावून तिनं कुजलेली जमीन बघितली, नाकाला रुमाल लावला. "सगळी पत्रं आली," ती म्हणाली. "दुसऱ्या राज्यातलंसुद्धा. पुढच्या मंगळवारी मी शेवटची पाहणी करते, घर आहे तसं आहे एवढं लिहिते, की मंजुरी. आता फक्त एक आठवडा. काही करू नका."

"चौदा महिने काही केलं नाही," एल्फेज म्हणाला. "आठ दिवसांनी काय होतंय?"

गुरुवारी सकाळी इनोलाचे ओठ निळे पडले. तो तिला शहरातल्या दवाखान्यात घेऊन गेला. गुरुवार, शुक्रवार तो तिच्या खाटेशेजारी खुर्चीवर बसून राहिला. शनिवारी दुपारी डॉक्टरांनी प्राणवायूचं छोटं नळकांडं बरोबर देऊन तिला सोडलं आणि बजावलं, बुरशीच्या जागी ठेवू नका. एल्फेज म्हणाला, मंगळवारनंतर नाही ठेवणार.

पाचच्या सुमाराला ते बायूच्या वळणावर आले. अंगणात गाड्या उभ्या होत्या. नऊ मोजल्या त्यानं. ओकखाली मोठ्या हंड्यात कोळंबी-भात शिजत होता. कुंपणाच्या कोपऱ्यात जाळ पेटलेला होता, आणि त्या जाळात काय आहे ते त्यानं गाडी थांबवायच्या आधी ओळखलं. त्याच्या घराची जुनी जमीन जळत होती.

हातभार. बायूवर ही रीत त्याच्या आजाच्या आधीपासूनची. कोणाचं घर पडलं, कोणी आजारी पडलं, की सगळे एका दिवशी येतात आणि काम उरकून जातात. मागायचं नसतं आणि नाकारायचंही नसतं. एल्फेज स्वतः अशा चाळीस-पन्नास हातभारांना पुढे होता. कोण कुठे उभा राहील, कोण करवत धरील, हे तो सांगायचा.

उलीस पायऱ्यांवर आला. अंगभर भुसा. मागे पंधरा माणसं, बाया आणि पुरुष, सगळे एल्फेजच्या तोंडाकडे बघत होते.

"नॉन्क, आता बादलीला कुलूप घाल," उलीस म्हणाला.

एल्फेज गाडीतून उतरला आणि जाळाकडे बघू लागला.

"शिव्या घालायच्या तर घाल," उलीस म्हणाला. "वर्षभर बघतोय आम्ही. तुझे हात गेले असतील नाहीतर डोकं गेलं असेल, माणूस आपल्या तोंडानं सांगतो काय? आणि काकूला ह्या पत्र्यात किती दिवस ठेवणार? लाकूड मनासारखं मिळत नाही म्हणे! मी आणलं बघ लाकूड. नावं ठेव त्याला."

"आत जाऊन तर बघा, नॉन्क," कोणीतरी बाई म्हणाली. "घाबरलोय आम्ही. तुम्ही पाणसळ लावून पातळी बघाल म्हणून."

हशा झाला. एल्फेज आत गेला. जमीन सगळी नवी होती. स्वयंपाकघर, मधली खोली, झोपायची खोली. तो टाचेवर जोर देत चालला. फळ्या घट्ट होत्या, सांधे एका रेषेत. मधल्या खोलीत एका जागी पाऊल किंचित खाली गेलं. तिथली तुळई उलटी बसली होती. तुळईला जरा बाक असतो, तो वर ठेवायचा असतो. हिचा खाली होता. बाकी काम चांगलं होतं. सोळा माणसांचा एक दिवस, मन लावून केलेला. त्यानं स्वतः केलं असतं तर ह्याहून फार वेगळं झालं नसतं.

तो बाहेर आला. "चांगलं झालंय," म्हणाला.

त्याच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ, हे सगळ्यांना माहीत होतं. उलीसनं तोंड फिरवून डोळे पुसले. गाडीत इनोला नाकाला नळी लावून बसली होती. तिनं एल्फेजला खिडकीशी बोलावलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"त्यांना सांगू नकोस," ती म्हणाली. "आज नको. कधीच नको."

दोघांनी सगळ्यांबरोबर कोळंबी-भात खाल्ला.

रविवारी लोक चर्चला गेले. सोमवारी कोळंबीच्या होड्या बाहेर पडल्या आणि काठ मोकळा झाला. तेव्हा एल्फेजनं वर्षानंतर पहिल्यांदा शेडची कडी काढली, कटावणी घेतली आणि घरात गेला. काय करायचं ते त्यानं नीट ठरवलं नव्हतं. नवी जमीन उचकटायची, लपवायची, घर होतं तसं दिसेल असं काहीतरी करायचं. घर आहे तसं आहे, एवढंच तर लिहायचं होतं तिला. जुन्या फळ्यांची राख झाली होती हे त्याला माहीत होतं. तरी त्यानं कटावणी लावली.

पहिली फळी किंचाळत वर आली. दुसरी आली. अकरा फळ्या काढून त्यानं भिंतीला टेकवल्या आणि दम खायला गुडघ्यांवर बसला. बहात्तर वर्षांचा दम. खिडकीतून ऊन फळ्यांवर पडलं होतं. खिळ्यांच्या डोक्याभोवती हातोडीच्या चुकल्या घावांच्या अर्धगोल खुणा दिसत होत्या, सगळ्या डाव्या बाजूनं तिरप्या. उलीसचा उजवा खांदा दोन वर्षांपूर्वी होडीच्या चरखीत गेला होता. तो हात डोक्यावर जात नाही. ह्या अकराही फळ्या उलीसनं डाव्या हातानं ठोकल्या होत्या. दर खिळ्याला चार-पाच घाव चुकले होते, आणि तरी एकही खिळा वाकडा गेला नव्हता.

एल्फेजनं एका खुणेवर अंगठा फिरवला. मग त्यानं फळ्या परत जागेवर लावल्या आणि नवे खिळे मारले. चौदा महिन्यांतले त्याचे स्वतःचे ते पहिले खिळे.

मंगळवारी दहा वाजता मिस रोवेना आली. दारात उभी राहिली. आत आली नाही. तिनं नव्या फळ्या बघितल्या.

"मिस्टर एल्फेज."

"हो."

"हे अर्जाच्या आधीचं आहे असं म्हणू नका. मागच्या मंगळवारी मी इथेच उभी होते."

"नाही म्हणत."

"कोणी केलं?" तिचा आवाज खाली आला. "ऐका माझं. तुमच्या नकळत, तुम्ही नसताना कोणी केलं असेल तर एक वाट आहे. त्यांनी लिहून द्यायचं, की मालकाला न विचारता आम्ही घरात शिरलो आणि काम केलं. प्रत्येकाचं नाव, प्रत्येकाची सही. मी स्वतः वर पाठवते. होईलच असं नाही. पण वाट आहे."

एल्फेजनं त्या वाटेकडे नीट बघितलं. इनोला ट्रेलरमध्ये पडून होती, नळीतून श्वास घेत. बारा फुटांचे खांब. कोरडं छप्पर. आणि दुसरीकडे सोळा माणसं, एकेकाला दारात गाठून सांगायचं, की शनिवारी तुम्ही जे केलंत त्यानं माझं घर बुडालं, आता इथे सही करा. उलीस सही करील. डाव्या हातानं करील, आणि नंतर कधीही कोणाच्या हातभाराला जाणार नाही.

"मी केलं," एल्फेज म्हणाला.

"एकट्यानं?"

"एकट्यानं."

"एवढी सगळी जमीन? किती दिवस लागले?"

इथे तो अडला. एक दिवस म्हणता आलं नाही. खोटं बोलायला त्याची ना नव्हती, पण कामाचं माप खोटं सांगायला त्याची जीभ वळेना. त्यानं मनातल्या मनात हिशेब केला: जुनं काढणं, तुळया कापणं, बसवणं, फळ्या, एकटा माणूस, ह्या वयाचा.

"एकोणीस," तो म्हणाला.

मागच्या मंगळवारपासून आजपर्यंत सात दिवस झाले होते, हे दोघांनाही ठाऊक होतं. तिनं चष्मा काढून पुसला, परत लावला, आणि कागदावर लिहिलं: काम मालकाने स्वतः केले. त्याच्यापुढे कागद धरला. त्यानं सही केली.

"मला वाईट वाटतं," ती म्हणाली.

"तुम्ही सांगितलं होतं," एल्फेज म्हणाला. "खिळाही नाही."

तिची गाडी वळणावर गेली आणि त्याच वळणावरून उलीसची आली. मागे छपरावर ठोकायच्या डांबरी पट्ट्यांची बंडलं रचलेली.

"कोण होती रे ती?"

"रस्ता चुकली होती."

"बरं. नॉन्क, छप्पर कधी घ्यायचं? थंडीच्या आत काकू आत राहायला हवी."

एल्फेजनं दाराच्या चौकटीकडे पाहिलं. पाण्याची काळपट रेघ अजून तिथेच होती, नव्या जमिनीपासून गुडघाभर वर. नवी जमीन जुनीच्या जागी, जुनीच्याच उंचीला होती. पुढचा वादळांचा मोसम जूनमध्ये सुरू होणार होता. मध्ये पुरते आठ महिनेही नव्हते.

ट्रेलरच्या खिडकीतून इनोलानं खालच्या आवाजात विचारलं, "काय म्हणाली?"

तो तिच्याकडे वळला आणि नकारार्थी मान हलवली. ती पडदा धरून थोडी थांबली. मग पडदा सोडला.

"काय म्हणतेय काकू?" उलीसनं विचारलं.

"खुर्ची आत आणून ठेव म्हणतेय, स्वयंपाकघरात." एल्फेज शेडकडे निघाला. "छप्पर उद्या. आज मधल्या खोलीतली तुळई काढायची. बाक खाली आलाय. कोणी बसवली?"

उलीस डोकं खाजवू लागला. "मीच असेन. चालणार नाही का तशी? कोणाला कळतंय?"

"मला कळतंय. काढ."

"आणखी वीस वर्षं टिकेल ती तशीच, नॉन्क."

एल्फेजनं शेडची कडी काढली. त्यानं कटावणी उलीसच्या डाव्या हातात दिली आणि दुसरी स्वतः घेतली.